यात्रेतलं लढाऊ विमान

माझं विमान गावच्या यात्रेत उडणार आहे, हे मला स्टँडवरच्या फ्लेक्सवर वाचून कळलं. वर देव, खाली यात्रा कमिटी, मधे माझा फौजेतला फोटो आणि शेजारी भलतंच कुठलंतरी जेट, इंटरनेटवरून काढलेलं. 'युद्धविमानाची थरारक प्रात्यक्षिके!' मी स्कूटर बाजूला घेतली आणि भर उन्हात एकटाच शिव्या देत बसलो.

माझं विमान जेट नाही, आणि त्यात माणूसही बसत नाही. हवाई दलात मी पायलट नव्हतो, विमानांची बॉडी दुरुस्त करणारा होतो. पण आमच्या निरगुडसरात फौजेतून आलेला कुणीही मेजरच. नोकरीच्या शेवटी शेवटी आमच्या हँगरमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक पंख्याचं लढाऊ विमान पुन्हा उडतं करायला आणलं होतं. त्याच्या पत्र्यावर हात फिरवताना वाटलं, घरी गेल्यावर याचं लहान रूप करायचं. दोन हिवाळे कांदे साठवायच्या बराखीत बसून ते केलं. लाकूड, फायबर, पेट्रोलवर चालणारं इंजिन, आणि उडवायला हातात रिमोट. पंख जोडले की खाली बाज मावायची आणि वर हातभर उरायचं. वजन भरल्या घागरीएवढं. पुढचा लाकडी पंखा फिरताना मधे बोट गेलं तर बोट जाईल, आणि माणूस आला तर काय होईल ते बोलायलाच नको. गावातले त्याला खेळणं म्हणायचे. म्हणोत बापडे.

कमिटीचा अध्यक्ष माझा थोरला भाऊ. तडक त्याच्या ओट्यावर गेलो.

"दादा, मला विचारलंस का?"

"त्यात काय इचारायचं? घरचंच तर हाये."

"अरे, ते गर्दीत उडवायचं नसतं. कुणाला लागलं तर?"

"शर्यतीत घाटावर बैलं भिर्रर्र पळत्यात, त्यांना काय ब्रेक असतो व्हय? मानसं बरुबर सरकत्यात. तू लई इचार करतो राव."

इतकी वर्षं मी बाहेर होतो, तेव्हा माझ्या वाटणीचं रान यानं कसलं. आईबापाचं दुखणंखुपणं यानं काढलं. ते त्यानं कधी तोंडानं बोलून दाखवलं नाही, आणि माझी खरी अडचण तीच. एकदा जरी बोलला असता, तरी मी कडकडून भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. आता फक्त मान हलवली. वहिनीनं चहा आणला तो निमूट प्यालो.

मोठ्या शोच्या वेळी हवाई दलात नियम साधा असायचा. माणसं एका बाजूला, विमान दुसऱ्या बाजूला, आणि माणसांच्या डोक्यावरून काहीही जाणार नाही. पायलट कितीही तरबेज असो, जुन्या इंजिनाचा भरवसा कुणी धरत नसे. आणि यात्रेच्या दिवशी इथं? एका अंगाला बैलगाड्यांचा घाट, माणसांनी काळाभोर. दुसऱ्या अंगाला शेतीपंपांच्या तारा. तिसरीकडे रस्ता आणि त्यावर लावलेल्या गाड्या. चौथीकडे उभा ऊस. मधे गहू काढलेलं एकच रान, रोलर फिरवून घेतलेलं. उडायचं तिथून, उतरायचं तिथंच. मी दोरी बांधून मागितली. दादानं बांधली, बैलांचे कासरे एकाला एक जोडून, गुडघ्याएवढ्या उंचीवर. लहान पोरंसुद्धा ती ओलांडून ये-जा करत होती.

दुपार कलल्यावर शर्यतीच्या बाऱ्या थांबवल्या आणि मला बोलावलं. विमानाला कुंकू लागलं, नारळ फुटला. इंजिन सुरू केलं, विमान रानावरून धावलं, आणि जमीन सुटली. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी सगळा राग गेला. उन्हात ते वळलं तेव्हा पंखांवर तोच जुना हिरवा-तपकिरी रंग दिसला आणि माझा ऊर भरून आला. उसाच्या कडेनं एक खालची फेरी घेतली. घाटावरनं शिट्ट्या, टोप्या, आरोळ्या. मग ठरल्याप्रमाणे मी हात वर केला आणि माईकवर दादा म्हणाला, "विमान उतरतंय! मंडळी, जागा करा!"

आमच्याकडे गाडा निशाण ओलांडून गेला की माणसं बैलांवर भंडारा टाकायला धावतात. जिंकणाऱ्याला नुसतं लांबून बघायचं, ही आमची रीतच नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? लहानपणी मीही धावलोय. पण ते विमानालाही लागू होईल, हे काही डोक्यात आलं नाही. घाट फुटला. मुठीत भंडारा घेऊन माणसं रानात शिरली. बाया, कडेवर लेकरं, म्हातारी, हलगीवाले. कासरा कुठल्या कुठे गेला. विमान तोंडावर आलेलं. मी इंजिन फुल केलं आणि त्यांच्या डोक्यांवरून ते कसंबसं वर काढलं. त्यावर तर आणखी मोठी आरोळी उठली.

"सरका! मागं व्हा!" मी ओरडत होतो. दादाही माईकवर "सरका, सरका" करत होता. पण सकाळपासून दर बारीला हेच चाललेलं. कान किटलेल्या माणसांना त्यात नवीन काय? हलग्या माझ्या शेजारीच कडाडत होत्या. इंजिनाचा आवाज ऐकू येईना, आणि आवाजावरूनच तर कळतं पेट्रोल संपत आलंय का ते. एवढं जड विमान इंजिन बंद पडल्यावर तरंगत नाही, दगडासारखं येतं. मला जागचं हलता येत नव्हतं. विमानावरची नजर काढता येत नव्हती. दोन्ही हात रिमोटला बांधलेले. घामानं डोळे चुरचुरत होते आणि पुसायची सोय नाही. कुणीतरी पाठीवर थाप मारली. कुणी गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. "मेजर, एकदा आमच्या टकुऱ्यावरनं घ्या की!" भीती वाटत होती, आणि संताप येत होता, दादाचा, गावाचा, सगळ्यात जास्त माझा स्वतःचा.

चौथी फेरी घेताना इंजिनाचा धूर तुटक व्हायला लागलेला दिसला. रान भरलेलं. रस्ता भरलेला. राहिला ऊस. बिबट्याच्या धास्तीनं त्यात दिवसासुद्धा कुणी पाय घालत नाही. विमान उसावर नेलं, इंजिन बंद केलं आणि नाक खाली दाबलं. दोन हिवाळे, आणि एक काडकन आवाज.

क्षणभर हलगी थांबली. मग टाळ्या. त्यांना वाटलं, हाच शेवटचा खेळ, हल्ला करून दाखवला.

मी उसात शिरलो. पाती तोंडाला कापत होती. एक पंख वर अडकलेला, दुसरा दिसेचना, आणि पुढचा भाग सरीत मातीत गेलेला. मी तिथंच बसलो. मागनं दादा धापा टाकत आला.

"पडलं का पाडलं?"

"पाडलं."

"आरं, का पन?"

"उतरवायला जागा ठेवलीत का तुम्ही?"

लाकडी पंख्याचा तुकडा एका उसाच्या बुडख्यात रुतला होता. तो उपटायला दादाला दोन हात लावावे लागले. तुकड्याकडे बघता बघता त्याचं तोंड उतरलं.

"सून नातीला घिऊन पार पुढं उभी व्हती रं," तो म्हणाला. "मीच उभं केलं व्हतं. नीट दिसावं म्हनून."

मी त्याचा हात धरला. पहिल्यांदाच आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरलो होतो. मला तिथंच बसून राहायचं होतं, त्याच्याजवळ, अंधार पडेपर्यंत.

पण ऊस मोडत माणसं आलीच. "मेजर! मेजर!" दादा आडवा आला, "थांबा रं, जरा थांबा," म्हणाला, त्याला बाजूला सारून त्यांनी मला उचललं आणि खांद्यावर घेतलं. हलगी पुन्हा सुरू झाली. मी रडत होतो. खालून कुणीतरी म्हणालं, डोळ्यात भंडारा गेलाय त्यांच्या. घाटावरून, देवळापुढून, वेशीपर्यंत मिरवणूक गेली. "खाली उतरवा रे मला," मी सारखा म्हणत होतो. कुणालाच ऐकू येत नव्हतं.