वसुबारसेची पैठणी

हसणार नसाल तर सांगते. हसणारच तुम्ही, पण निदान चहाचा घोट आधी गिळा. असा घोळ अख्ख्या कुवेतमध्ये आजवर दुसऱ्या कुणी घातला नसेल, याची मला खात्री आहे!

इराला, म्हणजे माझ्या लेकीला, महिनाभर खोकला. जाब्रियातले डॉक्टर म्हणाले, "धूळ आहे, जाईल." जाईल म्हणजे कधी? मी उठसूट तिच्या छातीला कान लावणारी आई. त्यात वसुबारस आली. लेकरांसाठीच तर ही पूजा! दरवर्षी मी चांदीच्या इवल्याशा गाय-वासरावर भागवते. म्हणूनच तर खोकला जात नसेल ना? ठरलं. यंदा गाय खरी हवी!

माझा नवरा मंदार मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत. त्याच्या ओळखीनं कब्दच्या वाळवंटात एक फार्म सापडलं. घोडे, दोन गाई आणि हे सगळं सांभाळायला डस्टी नावाचा टेक्सासचा काऊबॉय. खराखुरा! डोक्यावर टोपी, पायात बूट आणि रोडिओत, म्हणजे उधळत्या बैलावर बसायच्या त्यांच्या खेळात, बैलांनी वेळोवेळी मोडून दिलेल्या बरगड्या. चालताना एक पाय ओढायचा. इरा तर देवाकडे बघावं तशी बघत होती त्याच्याकडे.

"मॅम, गाय नुकतीच व्यायलीय. कुंपणाबाहेरच थांबा," तो म्हणाला.

मला सांगतो! अहो, मी पुण्याची. देवळाबाहेर बांधलेल्या गाईला चाऱ्याची पेंढी घातलीय, पाठीवरून हात फिरवून नमस्कार केलाय. तिथे गाय म्हणजे आई. आईला काय भ्यायचं?

अंगावर लग्नातली पैठणी, हिरवीगार, जांभळ्या काठांची. हातात ताट, ताटात निरांजन, हळदकुंकू आणि फहाहीलच्या बाजारातून हुडकून आणलेली गवार.

तेवढ्यात डस्टी घोड्यावर बसला, दोर गरगर फिरवला आणि फेकला तो थेट वासराच्या गळ्यात! खाली उतरून त्यानं वासरू आडवं पाडलं, पाय बांधले, खिशातून काहीतरी चकाकणारं काढलं.

वसुबारसेच्या दिवशी! माझ्या डोळ्यांदेखत!

"सोडा त्याला!" फाटक उघडून मी आत.

"मॅम, नो!"

"अगं, औषधाची ट्यूब आहे ती! जखम झालीय त्याला!" मंदार ओरडला. हे आधी सांगायला काय झालं होतं?

आता मी गाय आणि वासराच्या बरोबर मधे. गोमातेनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी लगेच ओळखली. इराला इंजेक्शन द्यायला आलेल्या नर्सकडे मी अशीच बघते.

मग काय! मी पुढे, गोमाता मागे!

"ताट टाक!"

"निरांजन आहे त्यात!"

"अगं, ताट टाक आधी!"

"ममा, रन!"

टाकलं. मग कुंपणावर चढले कशी, ते विचारू नका. पदर तारेतच राहिला. इकडे डस्टीनं वासराचे पाय सोडले. ते धडपडत आईकडे गेलं, तशी गाय मला विसरून त्याला चाटू लागली. पूजा मी कुंपणाबाहेरूनच केली. पर्समधल्या पुडीतल्या अक्षता लांबून फेकल्या. सांडलेली गवार मात्र तिनं सगळी खाल्ली. प्रसन्न झाली म्हणायची!

आणि इरा? इतकी हसत होती की खोकायचं विसरली.

डस्टीनं टोपी काढून मला सलाम केला. इराला म्हणाला, "रोडिओत एक जोकर असतो. भडक कपडे घालतो. बैलावरून माणूस पडला की हा बैलापुढे पळतो, बैल त्याच्या मागे लागतो आणि पडलेला वाचतो. मी जिवंत आहे तो त्याच्यामुळे. तुझी आई फार छान पळते."

मला काय, कौतुकच वाटलं. चार दिवसांनी इराच्या टीचरचा फोन आला.

"आईबाबा आपापल्या कामाबद्दल वर्गात बोलायला येतात ना, तेव्हा बाबांना नको, तुम्हालाच बोलवा म्हणतेय इरा."

माझी छाती दोन इंच फुगली. "हो, नक्की येईन!"

"मुलं वाट बघतायत. आणि मॅडम, येताना तो जोकरचा ड्रेस घालून याल? इरा म्हणते, हिरवा आहे, जांभळ्या काठांचा!"