डाखाचे मणी

लग्न होऊन रत्नागिरीला आले, त्याच महिन्यात मी सासरचा आंघोळीचा बंब बिघडवला. घाईत पाणी भरायचं विसरून विस्तव घातला आणि मधल्या नळीचा सांधा धरणारा डाख वितळला. बंब गळू लागला. भीतीने मी कुणापाशी बोलले नाही. "माझ्या माहेरचा हो. जुना झाला, आणखी काय!" म्हणताना सासूबाईंचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावरून जाणाऱ्या तांबटाला हाक मारली. "बघा हो, डाख लागेल, की मोडीत घालून मुंबईहून नवा आणवू?"

तो उकिडवा बसला. बंबावर टिचक्या मारत, कान लावून ऐकत राहिला. मग त्याने बंब कलता केला, तशी राखेबरोबर डाखाचे चकचकीत मणी त्याच्या तळहातावर पडले. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि मूठ मिटली.

"डाख म्हातारा झालाय, काकू. तांबं खणखणीत आहे. मोडीत कसला घालता?"

तेच मणी नव्या डाखात वितळवून त्याने नळी बसवली. सासूबाई सरबत करायला आत गेल्या, तेव्हा हळूच म्हणाला, "आधी पाणी, मग विस्तव हो, मुली."

त्याचं नाव विचारायचंही राहिलं. रोज बंबात पहिली कळशी ओतताना मात्र मनातल्या मनात त्याला हात जोडते.

इतक्या वर्षांनी परवा बंब पुन्हा गळला. राखेत मणी होते. माझी नवी सून दाराआड रडवेली उभी होती. मी मणी पदराला बांधले आणि म्हटलं, "डाख म्हातारा झाला गो."