परबाच्या नावावरची सुई

आईशप्पथ, पुढचा शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे तिखटमीठ माझं, पण तेवढं चालतं! परळच्या एका इस्पितळात मी वॉर्डबॉय होतो. पुरुषांना पाळणा लांबवायची सुई देऊन बघायचे, त्या खात्यात. नावं पुकारायची, वीर्याच्या बाटल्या गोळा करायच्या. अशा माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, बाटल्यांबरोबर साठतात.

*

आठवड्याला हार्मोनची एक सुई. काही महिन्यांत शुक्राणू शून्य. सुई थांबवली की हळूहळू परत. डॉक्टर हे समजावत होते, तेव्हा गिरणीच्या संपातला एक साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, उठला. "म्हणजे बंद गिरणीच की! पण साहेब, ही नक्की परत चालू होणार ना?"

सगळे हसले. डॉक्टर सोडून.

*

हा साचेवाला परब, आमच्याच लालबागच्या चाळीतला. दोन मुली. तिसरं बाळंतपण बायकोचं हृदय सोसणार नाही, ऑपरेशनसुद्धा नाही, असं बजावलेलं. स्वतःच्या नसबंदीला हा घाबरे, म्हणून सुया घेई. त्याच्या बायकोला, सुलभावहिनींना, वाचता येत नव्हतं, पण दर महिन्याचा रिपोर्ट त्या स्वतः बघायच्या. "गोल असा मां? मगे बरां!"

*

संप फिसकटला. परबाला शिवडीच्या गोदामात हमाली मिळाली. एक खाडा, की जागा गेली! मग गिरणीत करायचे तेच त्याने केलं. सुईला बदली पाठवला!

बदली म्हणजे चाळीतलाच गण्या. बेकार, नवं लग्न, आणि इथे सुईनंतर उकडलेली अंडी मिळायची.

मी पुकारलं, "परब!"

गण्या म्हणाला, "हजर!"

कुणाच्या बदलीला उघडं पाडायचं नाही, ही गिरणगावची रीत. मी परबाच्या नावापुढे हजेरीची खूण केली.

*

बाटलीही आता गण्याचीच, त्यामुळे पहिल्याच महिन्यात परबाच्या नावावर कोट्यवधी शुक्राणू! डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो कागद परबाने घरी नेलाच नाही. पुढे आकडा उतरत उतरत शून्यावर आला. डॉक्टर खूश. तिकडे गण्याची आई सुनेला वांझ म्हणायला लागली.

मी परबाला जिन्यात गाठलं. "अरे, सुई गण्याला लागतेय!"

"वर्षभराच्यो सुयो माझ्या अंगात हत रे. आणि रिपोर्ट बघ. शून्य! नाव कोणाचा असा?"

*

मग एका सकाळी वहिनी खात्यात आल्या. पाचवा महिना. मागे परब, खाली मान घालून. पिशवीतले सगळे रिपोर्ट त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर मांडले.

"सगळे गोल. मगे ह्यां खयसून इला?"

डॉक्टरांनी परबाकडे पाहिलं. परबाने माझ्याकडे. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिलो.

मुलगा झाला. दहाव्या दिवशी वहिनी त्याला छातीशी धरून चाळीचे तीन मजले चढल्या, कुणाचा हात न धरता.

त्या घरी परत आल्या, तीन मजले चढल्या, हे मी रचलंय. मुलगा खरा आहे.