उशिरा दिसणारा चेंडू

महिना होत आला. दुपारी जेवायला बसलो होतो आणि धुरीभाऊंच्या मुलीचा, सुलूचा, फोन आला. "काका, बाबा गेले... सकाळी, झोपेतच." पुढे तिनं काय सांगितलं ते नीट ऐकूच आलं नाही. पानातला भात तसाच राहिला. भाऊ ऐंशीच्या घरात होते, तेव्हा अकस्मात असं काही नव्हतं. तरी मला वाटलं, एक गोष्ट त्यांच्याशी बोलायची राहिली ती राहिलीच.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात मी क्लार्क होतो आणि तिथल्या क्रिकेट टीमचा कॅप्टन. विष्णू धुरी हे नाव तेव्हा मैदानावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. परळच्या गिरणीकडून खेळताना त्यांनी मारलेले षटकार लोक हातवारे करून सांगायचे. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. भाऊ एकेचाळीस वर्षांचे, घाटकोपरच्या डोंगरावर बिऱ्हाड, पदरात दोन मुली. आमच्या मॅनेजरांनी त्यांना पॅकिंग खात्यात टेम्पररी घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "यंदा शील्ड आणा, कायम करतो."

पहिल्या चार सामन्यांत भाऊ दोन आकडी धावासुद्धा करू शकले नाहीत. सरळ चेंडूवर बोल्ड व्हायचे. "म्हातारा संपला यार," पोरं माझ्यासमोरच बोलू लागली. मलाही तसंच वाटत होतं. मग एक दिवस कॅन्टीनमध्ये मी बघितलं, भाऊंनी डावीकडचा चहाचा कप घ्यायला हात पुढे केला आणि तो कपाच्या बाजूनं गेला. एकदा नाही, तीनदा.

"भाऊ, डावा डोळा?" मी हळूच विचारलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गिरणीत साच्यावरून, म्हणजे मागावरून, सूत नेणारा लाकडी धोटा उडून डोळ्यावर बसला होता. त्या डोळ्याला आता नुसता धुरकट उजेड कळायचा. "कोणाक सांगू नको रे," ते म्हणाले. "एकदा कायम होव दे, मगे मीच सांगान. भायर बसवलंस तर माझां काम गेलां."

मी सांगितलं नाही. खेळवत राहिलो. दया म्हणून की शील्डच्या लोभानं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

त्यानंतर भाऊंनी उभं राहण्याची पद्धतच बदलली. खांदा गोलंदाजाकडे न ठेवता सरळ छाती त्याच्याकडे करून उभे राहू लागले, उजव्या डोळ्याला चेंडू दिसावा म्हणून. लोक हसले. पण धावा होऊ लागल्या, आणि आम्ही फायनलला पोचलो.

समोरच्या टीमचा एक उंच गोलंदाज भलताच वेगवान होता. हेल्मेट आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. शेवटची जोडी म्हणून मी आणि भाऊ मैदानात होतो, सात धावा हव्या होत्या. त्याचा एक चेंडू आखूड पडून उसळला आणि भाऊंनी मान वळवायच्या आत कपाळावर बसला. ते गुडघ्यावर आले. भुवईतून रक्ताची धार लागली. मी धावत गेलो. एकच डोळा उरलाय आणि तो आपण पणाला लावलाय, एवढंच डोक्यात होतं.

"भाऊ, बस झालं. चला बाहेर."

"गप रव." रुमाल कपाळाला बांधत ते म्हणाले. "चेंडू दिसता माका. उशिरा दिसता, पण दिसता."

अंपायरनं माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोललो असतो तर खेळ तिथंच थांबला असता... मी माझ्या जागी परत गेलो. पुढचा चेंडू भाऊंनी सोडला. त्याच्या पुढचा कारखान्याच्या पत्र्यावर धाडकन आदळला. मग एक धाव आम्ही कशीबशी पळून काढली.

शील्ड आलं. कायम करण्याआधी डॉक्टरी तपासणी झाली आणि डोळा उघडकीला आला. मॅनेजरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "हा माणूस एका डोळ्यानं आंधळा आहे. कॅप्टन, तुम्हाला माहीत होतं?"

भाऊ माझ्या शेजारीच उभे होते.

"नाही," मी म्हणालो.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्याका काय म्हायत नाय, सायेब. मीच लपवलंय," ते म्हणाले. त्यांना त्याच आठवड्यात काढलं. पुढे घाटकोपरच्या एका शाळेत मैदान राखायचं काम मिळालं, ते त्यांनी थकेपर्यंत केलं. मी भेटत राहिलो, दिवाळीला फराळ घेऊन जायचो. त्या केबिनचा विषय त्यांनी कधी काढला नाही, माझी हिंमत झाली नाही.

परवा सुलूकडे गेलो तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "सुलू, तुझ्या बाबांची नोकरी मी घालवली. मला माहीत होतं, मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "बाबा सांगायचे ना. म्हणायचे, तो खरं बोलला असता तर त्याचीही गेली असती, माझी काही वाचली नसती. पण रक्त बघूनसुद्धा त्यानं मला बाहेर काढलं नाही... दुसरा कोणी असता तर काढलं असतं."

तेवढ्यात खिडकीतून उतरतीचं ऊन भाऊंच्या रिकाम्या कॉटवर आलं. ऊन त्या डाव्या डोळ्याला खुपायचं त्यांच्या. सुलू बोलता बोलता रोजच्या सवयीनं उठली, खिडकीचं डावं दार तिनं ओढून घेतलं, आणि मग हात तसाच कडीवर ठेवून उभी राहिली.