सरांची पहिली पावती

ओल्या कागदाचा वास आला की मला मांजर्लीतलं आमचं वाचनालय आठवतं. पुरात पुस्तकं भिजली होती, पण देणगी मागायला एकही विश्वस्त तयार होईना. आमचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले, "मी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही." "सर, मागू नका, नुसतं हे दाखवा," म्हणत मी त्यांच्या हातात फुगलेलं बडबडगीतांचं पुस्तक दिलं आणि त्यांना उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याकडे नेलं. सरांनी चिकटलेली पानं हलकेच सोडवत शेठना एक गाणं वाचून दाखवलं, चहा घेतला आणि काहीही न मागता उठले. मागून शेठ ओरडले, "अरे साहब, पावती तो फाडो!" परवा माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आतच सरांनी माझ्या व्याह्यांना गाठून त्यांच्या हातात पावती ठेवली होती.