स्वानंदीच्या ट्रकला मोठं इंजिन

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात ‘ट्रकवाली’ म्हटलं की स्वानंदीच. गावात नव्याने आलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर हे नाव ऐकून कुणीतरी दांडगी, मोठ्या आवाजाची बाई यायची. प्रत्यक्षात भेटायची ती चष्मा लावलेली, हळू बोलणारी सत्तावीस वर्षांची मुलगी. मोठ्या माणसांना ‘नाही’ म्हणणं तिला कधी जमायचं नाही. मेकॅनिकल शिकत असताना तिने एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून जुना पिकअप ट्रक घेतला होता, रंग उडालेला, मागे उघडा हौदा. पुढे वूस्टरला पंप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, मैत्रिणींनी कोऱ्या गाड्या घेतल्या, हिने मात्र ट्रक सोडला नाही. मग मंडळाचं ढोलपथक निघालं, आणि गावोगाव ढोल न्यायची सोय हवी झाली. तेव्हापासून ट्रकच्या मागे बंद ट्रेलर, ट्रेलरमध्ये ढोल आणि स्टिअरिंगवर स्वानंदी हे ठरूनच गेलं.

तिच्या आईने, आसावरीने, या सगळ्याची धास्ती घेतली होती, आणि ती उगाच नव्हती. गेल्या वर्षी आल्बनीच्या मंडळाने पथकाला विसर्जनाला बोलावलं, तेव्हा ती लेकीशेजारी बसून गेली होती. वाटेत बर्कशायरच्या डोंगरांचा चढ लागला आणि ट्रकने मान टाकली. पाय पूर्ण दाबलेला, इंजिन कण्हतंय आणि वेगाचा काटा खाली खाली येतोय. मागून अठरा चाकी ट्रक इतका जवळ आला की आरशात त्याची लोखंडी जाळी तेवढी दिसत होती. त्याने भोंगा वाजवला तेव्हा आसावरीने डोळे मिटून घेतले. ती जाळी तिच्या डोळ्यांसमोरून पुढे वर्षभर हलली नाही.

या उन्हाळ्यात त्या इंजिनाने तेल प्यायला सुरुवात केली, आणि एक दिवस आतून ठकठक ऐकू यायला लागली. इंजिन बदलणं भागच होतं. प्रश्न होता कुठलं घ्यायचं.

“त्याच मापाचं मिळतंय, सहा सिलिंडरचं,” स्वानंदी जेवताना म्हणाली. “ते सरळ बसतं. उरलेल्या वेळात ट्रकचे ब्रेक मोठे करून घेते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेकच नाहीत, तेही घालते. गणपतीच्या आधी सगळं होईल.”

“आणि चढावर?” आसावरीने विचारलं.

“चढावर हळू जाईन.”

“मागचा चिरडून जाईपर्यंत?”

“आई, यू आर बीइंग ड्रामॅटिक.”

“आठ सिलिंडरचंही बसतं ना यात? तूच म्हणाली होतीस.”

“बसतं. पण मग रेडिएटर, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळंच बदलावं लागतं. ब्रेकला वेळच उरणार नाही.” स्वानंदीने पोळीचा घास तसाच हातात धरला. “इंजिन गाडी पळवतं, आई. थांबवत नाही.”

“घे बाई मोठंच,” तिचे बाबा, अनिल, आमटी वाढून घेत म्हणाले. “तुझ्या आईने तुला फ्रॉकसुद्धा कधी मापाचा घेतला नाही. कायम दोन वर्षं पुढचा.”

“चेष्टा नकोय,” आसावरी म्हणाली. “आत्ताचे ब्रेक चालतात की नाही?”

“चालतात.”

“मग ते गणपतीनंतर कर. मला तो चढ पुन्हा तसा चढायचा नाही. रात्ररात्र झोप लागत नाही मला.”

स्वानंदीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग घास तोंडात घातला आणि म्हणाली, “ओके.”

अपघातात मागून चेपलेल्या एका ट्रकमधलं आठ सिलिंडरचं इंजिन मिळालं. स्वानंदी आणि तिचा ऑफिसमधला मित्र प्रथमेश, दोघांनी सुट्ट्यांमध्ये गॅरेजात राबून ते बसवलं. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा त्याचा घोगरा, भरदार आवाज ऐकून आसावरीला हायसं वाटलं. अंगापिंडाने धडधाकट माणूस लेकीच्या सोबतीला आल्यासारखं.

पण ती बातमी मंडळभर झाली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

आपल्याकडे कुणी कुठे निघालं की त्याच्या सामानात आपली एक पिशवी जातेच. आल्बनीला निघायच्या दिवशी सकाळी मंडळाच्या हॉलबाहेर ट्रेलर उघडा ठेवलेला, आणि एकेक जण येतोय. “जातेच आहेस तर एवढं घेऊन जा गं.” आल्बनीच्या मराठी शाळेसाठी प्रीताकाकूंनी पुस्तकांची खोकी आणली. मग स्वयंपाकाची मोठी पातेली, तांदळाची पोती, घडीची टेबलं. मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका तर स्टेजच्या लाकडी फळ्याच घेऊन आले.

“काका, ह्या पण?” स्वानंदी म्हणाली.

“अगं, आता तुझ्याकडे हत्ती आहे. मागच्या वर्षीचं गाढव थोडंच आहे?” काका हसले, तसे सगळेच हसले.

आसावरी तरी कुठे मागे होती? आल्बनीतल्या नणंदेसाठी तिने दगडी ग्राइंडर सीटमागे सरकवला.

निघताना स्वानंदी ट्रेलरच्या मागे वाकली. स्प्रिंगा पार बसल्या होत्या. ती आईजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “खूप जास्त झालंय. काकांना सांगू का, फळ्या काढा म्हणून?”

“सगळं बांधून झाल्यावर?” आसावरी म्हणाली. “बरं दिसतं का ते? आणि आता इंजिन आहे ना.”

चढ आला तो कळलासुद्धा नाही. ज्या जागी गेल्या वर्षी जीव मुठीत धरून बसावं लागलं, तिथून ट्रक अठरा चाकींना मागे टाकत वर गेला. “बघ,” आसावरी म्हणाली, “ऐकलंस म्हणून.” स्वानंदी नुसती हसली. पुढे काकांची व्हॅन होती, तिच्या पाठोपाठ त्याच वेगात ते माथ्यावर पोचले, आणि तसेच उताराला लागले.

पहिल्याच वळणाच्या आधी स्वानंदीने ब्रेक दाबला. ट्रक मंदावला, आणि पाय उचलताच पुन्हा धावायला लागला. तिने परत दाबला. मागून ट्रेलर ढकलत होता. ते आसावरीला पाठीत जाणवलं, कुणीतरी खांद्यांना धरून पुढे रेटावं तसं.

“हळू घे गं.”

“घेते आहे.”

तिसऱ्या की चौथ्या वेळी करपल्यासारखा वास आला. आधी आसावरीला वाटलं बाहेरून येतोय. मग तिने लेकीचा पाय पाहिला. ब्रेकचं पॅडल पूर्वीपेक्षा कितीतरी खोल जात होतं.

“स्वानू, काय होतंय?”

“ब्रेक तापलेत. आई, आता बोलू नकोस.”

तिने गिअर खाली टाकला. इंजिन किंचाळलं, त्याच्या फेऱ्यांचा काटा लाल रेषेकडे सरकला आणि ट्रकला कुणीतरी मागून धरल्यासारखा झटका बसला. वेग थोडा तुटला. पिवळे दिवे लुकलुकवत ती उजव्या कडेला गेली, तोच एक लहान पांढरी गाडी त्यांच्या अगदी पुढ्यात घुसली. स्वानंदीने हॉर्नवर तळहात ठेवला तो उचललाच नाही. पांढऱ्या गाडीचा मागचा बंपर जवळ आला, आणखी जवळ आला. मागच्या सीटवर बसलेलं लहान मूल आसावरीला स्पष्ट दिसलं. ओरडावंसं वाटलं, पण लेकीने बोलू नकोस म्हटलं होतं, म्हणून तिने पदरासारखी ओढणी तोंडात कोंबली. गाडी ऐनवेळी डावीकडे सटकली. स्वानंदीने गिअर आणखी एक घर खाली टाकला. पॅडल आता जवळजवळ तळाला टेकत होतं. ती ते थोडं दाबायची, सोडायची, श्वास रोखून थांबायची, पुन्हा दाबायची. तिच्या ओठांवर घाम आला होता. उतार संपेना. मग रस्ता हळूहळू सपाट झाला, पुढे विश्रांतीच्या जागेची पाटी दिसली, आणि रांगत रांगत ट्रक तिथल्या पार्किंगमध्ये जाऊन एकदाचा थांबला.

पुढच्या चाकांतून धूर निघत होता. स्वानंदी खाली उतरली आणि गवतावर जाऊन उलटी करून आली. आसावरीने पाण्याची बाटली पुढे केली.

त्र्यंबककाकांचा फोन आला तेव्हा स्वानंदीने तो स्पीकरवर टाकला. झालेलं सांगितलं.

“बाप रे. ठीक आहात ना? मग असं करा, तासभर गार होऊ द्या आणि हळूहळू या. मिरवणूक संध्याकाळी आहे. ढोलांशिवाय कशी निघेल, तूच सांग.”

स्वानंदीने फोन तोंडाशी नेला. ती आता ‘बरं’ म्हणणार हे आसावरीने ओळखलं. तिने फोन ओढून घेतला. “त्र्यंबकराव, ती येणार नाही.”

“आसावरीवहिनी, अहो, पण सगळे तिथे वाट—”

“फोन दे, आई,” स्वानंदी म्हणाली.

“मी सांगते ना त्यांना.”

“इंजिन पण तूच सांगितलंस. दे इकडे.”

आसावरीने फोन दिला.

“काका, मी बोलतेय. ट्रक इथून हलणार नाही. पथकाच्या गाड्या रिकाम्या करून परत पाठवा आणि ढोल घेऊन जा. बाकीचं ज्याचं त्याने न्या.” पलीकडून काका काहीतरी समजुतीचं बोलले. “नाही. हळू पण नाही.” ते पुन्हा बोलले. “नाही म्हटलं ना, काका.”

तिने फोन बंद केला. माफी मागितली नाही, कारणं दिली नाहीत. आसावरीने तिला असं बोलताना आजवर ऐकलं नव्हतं.

ट्रक न्यायला टो करणाऱ्यांना कळवून दोघी फुटपाथच्या कडेला बसल्या.

“मोठं इंजिन नको होतं,” आसावरी म्हणाली.

“इंजिन चांगलं आहे. गिअर खाली टाकल्यावर त्यानेच आपल्याला रोखून धरलं.” स्वानंदी चष्मा पुसत होती. “पण मला माहीत होतं आधी काय करायला हवं ते, आणि तुझा चेहरा बघून मी हो म्हटलं. पुढच्या वेळी तुलाही नाही म्हणणार आहे.”

“म्हण,” आसावरी म्हणाली. “मी रागावेन.”

“आय नो.”

पहिली रिकामी गाडी पार्किंगमध्ये वळली. स्वानंदी उठली आणि ट्रेलरचं दार उघडायला गेली.