मुबीनाची माशी आणि आमचं खारं पाणी

आमच्या गावात बाकीचे लोक माशा मारतात आणि मुबीना माशा बनवते. हा विनोद माझा नाही, पानठेल्यावरचा आहे. तो करणाऱ्या दोघांना मी तिथंच उभं करून विचारलं, बाबा, वर्षभरात तुझ्या हातानं काय बनलं ते दाखव. त्यांच्याजवळ दाखवायला काही नव्हतं. विनोद मात्र अजून चालूच आहे.

माशी म्हणजे गळाला पीस आणि रंगीत दोरा बांधून केलेला खोटा जीव. तिकडे समुद्रावर हौशी लोक लांब काठीनं ती फेकतात, माशाला वाटतं बारकं पिल्लूच पळून राह्यलं, आणि तो तोंड मारतो. आता मलकापूरपासून अर्ध्या तासावर, पूर्णेच्या काठच्या आमच्या गावाचा आणि समुद्राचा काय संबंध? संबंध लग्नानं जुळला. मुबीनाच्या बहिणीची पोरगी मदिहा रत्नागिरीकडं खाडीकाठच्या गावात दिली. तिचा नवरा आसिम पाहुण्यांना होडीतून मासेमारीला नेतो. मुबीनाच्या नवऱ्याचं, फकीर मोहम्मदचं, कोंबडीचं दुकान. लग्नानंतर हा नवरदेव पहिल्यांदा जेवायला आला आणि जेवण सोडून दुकानामागच्या पिसांच्या ढिगाजवळ जाऊन बसला. गावरान कोंबड्याच्या मानेचं लांब, तांबूस, चमकणारं पीस त्यानं उन्हात धरलं आणि बायकोच्या मावशीला म्हणाला, "खाला, हे आमच्याकडं परदेशातून पाकिटात येतं."

त्यानं खिशातली एक माशी दाखवली. मुबीनानं ती सुईनं पूर्ण उकलली. नवरदेवाचा चेहरा पडला. तासाभरात तिनं ती परत बांधली, पहिल्यापेक्षा घट्ट. बुरख्यावर मोती लावून तयार झालेली बोटं आहेत ती.

त्याआधी मुबीना मलकापूरला जिनिंगवर जात होती. तिथं कापसाची धूळ नाकातोंडात जाऊन तिला असा खोकला लागला, की रात्री तिच्या घरातला खोकला आमच्या घरी ऐकू यायचा. माशा चालू झाल्या आणि तिनं जिनिंग सोडलं. दोन हिवाळे खोकली नाही. म्हणून ह्या माशांची थट्टा मला सहन होत नाही.

यंदा पावसाळा संपल्यावर पहिला माल गेला, तो चालला. मासा वर होता. मग पहिल्यांदाच थंडीचा माल करायची वेळ आली आणि आसिमचा निरोप आला, मोबाईलवर, बोलून पाठवलेला. मुबीनानं तो मला चार वेळा ऐकवला. "खाला, आता इकडं पाणी काचेसारखं झालंय. सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटतो, पाणी गार पडतं आणि जिताडा मासा खाली जाऊन बसतो. माशी अंगानं बारीक पाहिजे आणि पाण्यात खाली उतरली पाहिजे. अष्टमीला भांग आहे, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, तेव्हा पाहुणे येणार आहेत चार दिवस. त्यांनी पसंत केली तर बारमाही काम. नाहीतर ते सोबत बाहेरचाच माल आणतात."

मुबीना म्हणाली, "कोकिळाताई, समुद्राचं पाणी मागवून पाहू का बाटलीभर? त्यात टाकून पाहीन, उतरते का नाई."

आणि इथं माझी जीभ आडवी आली. मी म्हटलं, "काऊन मागायचं कोणाले? खारं पाणी मागायची वेळ आपल्यावर यावी? अव, आपल्या विहिरीत काय आहे मग?"

माझं हे बोलणं समजायचं तर आमचा पट्टा माहीत पाहिजे. आमच्याकडं जमिनीतूनच खारं पाणी निघतं. चहा फाटतो, साबण फेसाळत नाही, डाळ शिजत नाही, आणि घरटी एक माणूस मुतखड्याचा. अकरा वर्षं मी ह्या पाण्याची बाटली घेऊन कचेऱ्या हिंडले. साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि म्हणायचं, प्या. एकही प्याला नाही. तालुक्यात मला खाऱ्या पाण्याची बाई म्हणतात आणि मला त्याचा अभिमान आहे, लपवत नाही. मग खारेपण मला कोणी शिकवावं?

मुबीनानं लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, आमच्या विहिरीचं पाणी भरलं आणि प्रत्येक माशी त्यात सोडून पाहिली. तीन म्हणेस्तोवर तळाला. पाहायला मजा यायची. बारीक पोटाची, मानेला तांबूस पीस, खाली उतरताना थोडी थरथरायची, जणू जीव आहे. फकीरभाई दुकानातून डोकावून म्हणाला, "मरून गेलेल्या कोंबड्याले पोहणं शिकवून राह्यली बाई." माल गेला. आसिमला फोन मी केला. ठणकावून सांगितलं, "खाऱ्या पाण्यात तपासलेला माल आहे."

पाहुणे यायला पंधरा दिवस होते म्हणून त्यानं आधी स्वतः फेकून पाहिली, हे नशीब. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "खाला, माशी मध्येच लटकते. खाली जात नाही. मासा तळाला आणि ही त्याच्या डोक्यावरून जाते."

मी फोन हिसकावून घेतला. "ओ जावईबापू, इथं तीन मोजेपर्यंत बुडते! तुमची फेकण्याची पद्धत पाहा आधी."

"ताई, असेल."

"असेल नाही, आहे! जन्मभर खारं पाणी पिऊन राह्यलो आम्ही."

मुबीनानं कपाळाला हात लावला. "ताई, दामादासंग असं बोलतात का कोणी? उद्या बहीण माह्यासंग बोलन का?"

दुसऱ्या दिवशी मदिहाचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण पोरगी हसत होती. "खाला, मी लग्नानंतर पहिल्यांदा समुद्रात पाय टाकला ना, लाट तोंडात गेली. मला वाटलं आपल्या गावासारखंच असेल, गिळून टाकलं. दिवसभर ओकले. आपलं पाणी तोंडात धरता येतं ना. त्यात स्वयंपाक करताना वरून मीठ टाकावंच लागतं का नाही तुम्हाला? इथलं पाणी नुसतं थुंकावं लागतं."

वरून मीठ तर रोजच टाकतो. अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही.

"मग किती टाकू?" मुबीनानं विचारलं.

मागून आसिमचा आवाज आला, "लिटरला मूठभर टाका, खाला. जाड पाण्यात वस्तू वर राहते."

बरणी परत भरली. मुबीनानं मूठभर खडे मीठ टाकलं, चमच्यानं ढवळत बसली, पाणी नितळ होईपर्यंत. मग राहिलेल्यातली एक माशी सोडली. एक. दोन. तीन. माशी बरणीच्या मधोमध थांबली. नऊ म्हटलं, दहा म्हटलं, ती तिथंच. मी बरणीला टिचकी मारली. डोललीसुद्धा, पण उतरली नाही.

मला काय वाटलं ते सांगते. राग आला. मुबीनाचा नाही, आसिमचाही नाही. आमचं पाणी माणसाला पिता येत नाही एवढं खारं, आणि समुद्राच्या कामाला लावावं तर तिथंही कमी पडतं. इकडचंही नाही, तिकडचंही नाही. आणि त्याच्या भरवशावर मी एका बाईचं काम बुडवलं. म्हटलं, "मुबीना, चूक माही आहे."

"हाव, तुमचीच आहे," ती म्हणाली. सुईत दोरा ओवता ओवता. "आता गजेंद्रभाऊकडून तांब्याची तार आणा."

गजेंद्र पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. जळालेल्या मोटारीतली केसासारखी तार त्याच्याकडं ढिगानं पडलेली असते. मी गुंडाळी मागितली तर म्हणतो, "काय ताई, आता मोर्चा सोडून मोटरीत तार भरायची का?" मी म्हटलं, तार दे, तोंड नको देऊ. आसिमनं थंडीचा माल परत पाठवलाच होता. मुबीनानं एकेक माशी उकलली, पोटाला तांब्याचे वेढे दिले, वरून पुन्हा पीस बांधलं. दोन वेढ्यांत लटकायची, पाचांत दगडासारखी जायची. तीन वेढे बरोबर बसले. मिठाच्या पाण्यात सहा मोजेपर्यंत तळाला, थरथरत. तीन दिवस तिनं मान वर केली नाही. मी मलकापूरला जाऊन माल कुरिअरला टाकला आणि पावती ब्लाउजमध्ये जपून ठेवली, मोर्चाच्या निवेदनाची पोच ठेवते तशी.

त्याच संध्याकाळी शालिग्राम आला. जिनिंगचा मुकादम. दारातूनच म्हणाला, "मुबीनाबाई, कापूस आला. सोमवारपासून माणसं घेऊन राह्यलो. येत असशील तर आताच सांग, मंग जागा नाई राहत."

मुबीना म्हणाली, "रविवारी सांगते."

माल अष्टमीच्या आदल्या दिवशी पोचला. पाहुणेही पोचले. आणि त्याच दिवशी तिकडं उत्तरेचा वारा उठला. साधा नाही, होडी बांधून ठेवायला लावणारा. काचेसारखं पाणी एका दिवसात चहासारखं झालं. आसिमचे निरोप यायचे आणि त्यात त्याच्यापेक्षा वाराच जास्त बोलायचा. पहिल्या दिवशी पाहुणे खोलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पत्ते खेळले. तिसऱ्या दिवशी सामान भरून निघून गेले. माशांचं पाकीट फोडलंसुद्धा नाही.

रविवारी मी मुबीनाच्या घरी गेले तेव्हा फणफणतच गेले. भांडायचं कोणाशी, हे कळत नव्हतं. साहेबाच्या टेबलावर बाटली आपटता येते, वाऱ्याचं टेबल कुठं आहे? आसिमला फोन लावला. "अहो, एक तरी माशी फेकायची होती! एक तरी!" असं सुरू करणार, तेवढ्यात मुबीनानं हात पुढं केला.

"फोन द्या, ताई. मागच्या वेळी तुम्हीच बोलल्या होत्या."

दिला. ती शांतपणे म्हणाली, "आसिममियाँ, मासा राहू द्या. पाहुणेबी राहू द्या. मले फक्त एक सांगा, माशी बुडते का?"

"खाला, पाणी गढूळ आहे, वारा आहे..."

"हाताखालच्या पाण्यात दिसन ना?"

वाऱ्यात पावलांचा आवाज, मग पाणी आपटल्याचा. तो धक्क्याच्या पायऱ्यांवर उतरला होता. मदिहा मागून ओरडत होती, घसराल. "सोडली, खाला," तो म्हणाला. "एक... दोन..." इकडं मुबीनाचे ओठ त्याच्यासोबत हलत होते. फकीरभाई हातातली सुरी तशीच धरून दारात उभा. "तीन... दिसतेय. चार. हलतेय, खाला, मस्त हलतेय. पाच..." आणि थांबला.

"काय झालं?"

"गेली. खाली गेली."

मुबीनानं डोळे मिटले. मग विचारलं, "थरथरत गेली का सरळ?"

"थरथरत."

"बस. मंग ठीक आहे." आणि फोन मला परत दिला.

आसिम म्हणाला, वारा पडला की पौर्णिमेनंतरच्या भांगाला दुसरे लोक आणतो, तोवर थांबा. कबूल नाही, पक्कं नाही, नुसतं थांबा. अकरा वर्षं मला सगळ्या कचेऱ्यांतून हाच शब्द मिळालेला आहे. पण ह्या वेळी सांगणारा खोटा नव्हता, म्हणून शिवीही देता येईना.

शालिग्रामला मुबीनानं होकार कळवला. मी म्हटलं, "अव, माशी बरोबर निघाली ना? मंग काऊन जातेस?"

"माशी बरोबर आहे, ताई. वारा कुठं बरोबर आहे?"

सोमवारी सकाळी ती नाकावर दुपट्टा दुहेरी बांधून जिनिंगच्या गाडीत बसली. बरणी ओट्यावर तशीच आहे, मिठाच्या पाण्यानं भरलेली, तळाला एक माशी. फकीरभाईला तिनं ताकीद दिली आहे, फेकायची नाही. संध्याकाळी ती उतरते तेव्हा केसांत कापूस असतो. मंगळवारपासून खोकतेय. मला पाहिलं की एकच विचारते, "वारा?"

आणि मी, जिनं जन्मात समुद्र पाहिला नाही, रोज पहाटे उठून मोबाईलवर रत्नागिरीचा वारा पाहते. आजही उत्तरेचाच आहे.